वाचनालयामागील कोपरा राखिला, त्याची हकीगत

ज्यांस हत्ती, घोडे आणि तोफांच्या कथा ऐकावयाची सवय जडली आहे, त्यांनी अंमळ दम धरावा. या हकीगतीत त्यांतले काही नाही. आहे ती एक सुपली, काही ब्रश, आणि गुडघे दुखणारे दोन व्याही. तथापि जे जाहले ते थोर जाहले, आणि ते कोणी लिहोन न ठेविले तर पुढे लोक म्हणतील की जागा आपोआप वाचली. जागा आपोआप वाचत नाही. सबब काही पाहिले, काही ऐकिले आणि थोडके पदरचे घालोन, कोणाची भीड न धरिता हे लिहिले आहे.

वर्तमान ऐसे की, या शहरी पालिकेचे स्वच्छता निरीक्षक म्हणोन एक मातबर गृहस्थ होते. लहानथोर त्यांस 'साहेब' म्हणत. साहेबांनी उभी हयात गल्ल्या, गटारे आणि उकिरडे यांवर अंमल गाजविला, आणि त्यांची स्वारी सकाळी बाहेर पडली म्हणजे रस्त्यावरील कागदाचा कपटादेखील आपण होऊन टोपलीत जातो की काय, ऐसा दरारा होता. मग वय जाहले, आणि पालिकेने भाषणे करोन निरोप दिला, आणि साहेबांस मुलूख उरला नाही. मग त्यांची नजर घरावर गेली.

घरी जो कहर जाहला तो सांगता पुरवत नाही. साहेब उजाडताच पलंगाखाली मोर्चे लावीत, माळ्यावर चाल करोन जात, आणि कोणी पाणी पिण्यास पेला उचलिला तर त्याखालची जागा पुसोन मोकळे होत. मुलाचे अर्धे वाचलेले वर्तमानपत्र रद्दीत दाखल जाहले. सुनेच्या केसांच्या पिना, स्कूटरची चावी, एकदा तर अर्धा प्यालेला चहा, ऐसे पुष्कळ कामी आले. घरच्या बाईसाहेब, म्हणजे साहेबांच्या पत्नी, बहुत सोशीक. परंतु एके दिवशी त्यांचा चष्मा धुऊन, पुसोन, कागदात गुंडाळोन कपाटाच्या वरच्या खणात ठेविलेला सापडला, आणि तो सापडेपर्यंत त्या चष्म्यावाचून तो शोधीत होत्या, तेव्हा त्यांचीही मर्जी खप्पा जाहली. मग दुपारी स्वयंपाकघरात सासूसुनेचे खलबत बसले.

सून औषधांच्या दुकानी कामास होती, त्यामुळे गावच्या खबरा खोकल्याच्या औषधासाठी म्हणोन येत आणि तिजपाशी राहत. तिने खबर दिली ती ऐशी की, वाचनालयामागील मोकळ्या जागेत पालिका मोटारींचा तळ करणार होती, आणि खणिता खणिता जुन्या विटा व खापरे लागली, आणि पुरातत्त्व कचेरीने हरकत घेतली. मग तह ठरला. कचेरीने एक शिकवणारी बाई पाठवावी. तिने गावचेच हौशी लोक जमवोन त्यांस उत्खननाची विद्या द्यावी. आणि थोरले अधिकारी पाहणीस येतील तेव्हा राखण्याजोगे काही दिसले तर जागा राहील, न दिसले तर वर डांबर पडेल. लोक कमी पडत होते. सुनेने सासूकडे पाहिले आणि सासूने सुनेकडे पाहिले, आणि मसलत संपली.

संध्याकाळी बाईसाहेबांचे फर्मान सुटले.

"उद्यापासून तुम्ही खणायला जायचं. टोपी घाला, पाणी न्या, आणि दिवेलागणीशिवाय परत यायचं नाही."

"अगं, पण मला त्यातलं काय कळतं?"

"शिकवतात म्हणे. आणि माती आहे तिथं. भरपूर."

हे ऐकताच साहेबांच्या नेत्री जे तेज आले ते निवृत्तीनंतर कोणी पाहिले नव्हते.

दुसरे दिवशी साहेब पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा सदरा घालोन, घरचा झाडू खांद्यावर टाकोन मैदानी दाखल जाहले. तेथे फौज गोळा जाहली होती: दाताचे एक डॉक्टर, शिवणकाम करणाऱ्या एक मावशी, कॉलेजातली काही मुले, आणि केवळ चहा मिळेल या आशेने आलेले दोघे-तिघे. शिकवणारी बाई वयाने तरुण, टोपी मोठी, आवाज बारीक आणि हुकूम जबर. तिने सर्वांस थापी, ब्रश, सुपली आणि बादली अशी हत्यारे वाटली, आणि साहेबांच्या झाडूकडे पाहोन म्हणाली, "काका, तो भिंतीला टेकवून ठेवा. लागला तर मी सांगते." ऐसा साहेबांचा पहिला शस्त्रत्याग जाहला.

मग जमिनीवर दोऱ्या ताणोन चौकोन आखिले होते, त्यांवर माणसे नेमिली. साहेब आपल्या चौकोनी उतरतात तो समोर उलट्या बादलीवर बसलेले कोण? साक्षात व्याही! सुनेने आपल्या जन्मदात्यासही त्याच मोहिमेवर धाडिले होते, आणि हे उभय पक्षांस कळविले नव्हते.

आता या दोन घराण्यांचे वैर सांगितले पाहिजे. व्याही रेडिओ दुरुस्त करीत. त्यांची खोली म्हणजे तारा, स्क्रू, बटणे आणि उघडे पडलेले रेडिओ यांचे अरण्य. परंतु त्यांस त्यांत सर्व सापडे, वा सापडत नसे तरी त्यांस त्याचे दुःख नसे. लग्नानंतर साहेब प्रथमच त्यांचे घरी पाहुणे गेले आणि दुपारी मंडळी लवंडली. साहेबांस झोप येईना. व्याही उठोन पाहतात तो खोली लख्ख, आणि ज्या खोक्यात उमेदीच्या काळापासूनचे सुटे भाग राखिले होते तो खोका कचऱ्याच्या गाडीबरोबर कूच करोन गेलेला. व्याह्यांनी शब्द काढिला नाही. लेक त्या घरी दिलेली. तेव्हापासून उभयतांत जे बोलणे होई ते इतके आदबीचे होई की ऐकणाऱ्यास हुडहुडी भरावी.

"बसावं," व्याही बादलीवरून न उठता म्हणाले.

"असू द्या, असू द्या," साहेब उत्तरले, आणि दोघांनी दोन टोकांस तोंडे फिरविली.

शिकवणारी बाई नित्य सांगे, "खणायचं नाही, खरवडायचं. मातीचा रंग बदलला की थांबायचं आणि मला हाक मारायची." साहेबांनी ही विद्या पाण्यासारखी आत्मसात केली. त्यांच्या बाजूची भिंत पट्टीने आखल्यासारखी सरळ, तळ आरशासारखा सपाट. बाई इतर चौकोनांतील लोकांस आणोन दाखवी, आणि साहेब आपला काही संबंध नसल्यासारखे आभाळाकडे पाहत. व्याह्यांची बाजू म्हणजे मात्र बंडाळीचा प्रांत. त्यांचा गुडघा दुखे. मग ते बादलीवर बसत. मग चहा येई. मग चहावाल्याच्या मोबाइलवरील गाणे खरखरते म्हणोन ते त्याची चिकित्सा करीत. काढलेल्या मातीचा ढीग चौकोनाच्या काठावरच पडोन राही, आणि बसल्या जागेलगतचा कोपरा तर तसाच उंचवटा होऊन राहिला. साहेब दुरोन म्हणत, "ढीग जरा पलीकडे गेला तर बरं दिसेल, नाही का?" आणि व्याही म्हणत, "आपली आज्ञा," आणि ढीग तेथेच राही.

ऐसे चालले असता साहेबांवर अरिष्ट आले. चौकोनात काही काळी खापरे निघाली. साहेबांनी ती बाईस न विचारिता, प्रेमाने, कपडे धुण्याच्या पावडरीत भिजवोन तारेच्या घासणीने घासली आणि उन्हात ओळीने मांडिली. खापरे गुलाबी निघाली. बाई आली, पाहिली, आणि मटकन खालीच बसली.

"काका, ही काजळी कुठं गेली?"

"काढली की. केवढा मळ होता!"

"अहो, त्या मळावरून कळलं असतं त्यांच्या चुलीवर काय शिजत होतं ते."

"पण मळ होता हो तो!"

"मळच हवाय आम्हाला, काका," बाई म्हणाली. रागावली असती तर साहेबांनी सोशिले असते. ती रागावली नाही. डोळे पुसोन तिने गुलाबी खापरे पिशवीत भरिली. व्याह्यांनी हे सर्व बादलीवरून पाहिले, आणि त्यांच्या मुखावर अनेक वर्षांनी पूर्ण समाधान दिसले.

त्या सांजे साहेब घरी आले ते कोणत्याही फळीवरून बोट न फिरविता खुर्चीत बसले. बाईसाहेबांनी चहा दिला. बशीत सांडला. साहेबांनी पुसला नाही. तेव्हा त्या घाबरल्या.

"काय झालं?"

"मी आयुष्यभर काय केलं गं?" साहेब म्हणाले. "ती पोर म्हणते, मळातच सगळं असतं. मग मी रोज गाड्या भरभरून पाठवलं ते काय पाठवलं?"

बाईसाहेबांनी स्वतः बशी पुसली आणि म्हणाल्या, "गावात हगवणीची साथ आली नाही, ते तुम्ही केलंत. आता तिकडे ती सांगते तसं वागा, आणि इकडे मी सांगते तसं." या बोलाने साहेबांस धीर आला, आणि उत्तरार्धाकडे त्यांनी सोयीने कानाडोळा केला.

मग पुढे चौकोनात चोपलेली, सारवलेली, घट्ट जमीन लागली. जुन्या घराची ती जमीन. फौजेत एकच गलबला जाहला. साहेबांनी गुडघे टेकोन ती ब्रशाने उलगडली आणि त्यांचा ऊर भरोन आला. कारण जमीन लख्ख होती. कण नाही, कपटा नाही. शेकडो वर्षांपूर्वी कोणी बाई येथे राहत होती आणि तिचा हात साहेबांसारखाच होता! साहेब तिचे गुण गाऊ लागले: कसे वळण, कशी टापटीप, हल्ली ऐसे कोठे पाहावयास मिळते. शिकवणारी बाई मात्र दिवसेंदिवस उतरत चालली. तिने सांगितले की पाहणी उद्यावर आली, आणि नुसती स्वच्छ जमीन दाखवोन डांबर थांबत नाही. घरात माणसे राहत होती त्याची काही खूण हवी, आणि या गृहिणीने खूण म्हणोन ठेविली नाही.

तेव्हा व्याही अखेरीस बादलीवरून उतरले. उतरले ते पराक्रमाने नव्हे, तर चहावाला आला नव्हता म्हणोन. त्यांनी आपला राखीव कोपरा थापीने खरवडिला आणि ओरडले, "बाई, रंग बदलला!" खाली राख, माशांचे काटे, जळके दाणे, खापरांचा चुरा, तेलकट काळी माती. बाईने वाकोन पाहिले आणि तिचा चेहरा असा उजळला की टोपीची सावली फिकी पडली.

"केर आहे हा! घरभर झाडायची आणि केर इथं ढकलायची. सगळं घर आहे या कोपऱ्यात. कुणी हात लावू नका. उद्या अधिकाऱ्यांसमोरच उघडायचं." मग तिने त्यावर प्लॅस्टिकचा कागद घालोन चार बाजूंस विटा ठेविल्या.

साहेबांस मात्र धक्का बसला. ज्या बाईचे गुण त्यांनी गाइले, ती कोपऱ्यात केर ढकलीत होती! "काय बाई होती," ते पुटपुटले आणि त्या दिवशी जमिनीकडे त्यांनी पाहिले नाही.

पाहणीचा दिवस उगवला. शिकवणारी बाई अधिकाऱ्यांस आणावयास स्टेशनावर गेली, आणि मैदानाच्या राखणीस दोघे व्याही ठेविले. तो रस्त्याने गडगडाट जाहला, आणि पाण्याचा टँकर, मागे कचऱ्याची गाडी, मागे झाडूवाल्यांची रांग, ऐसा पालिकेचा लवाजमा मैदानात शिरला. वरोन हुकूम होता: मोठा पाहुणा येतो, मैदान चकाचक करा. आणि या सैन्याचा म्होरक्या कोण, तर साहेबांच्याच हाताखाली तयार जाहलेला मुकादम! त्याने साहेबांस पाहिले आणि खाडकन सलाम ठोकला.

"साहेब, तुम्ही इथं? आता बघाच. एक कण ठेवणार नाही!"

साहेब पाहत राहिले. रांग कशी सरळ, झाडू कसे एका चालीने पडत आहेत, पाण्याचा फवारा कसा कडेकडेने आत येतो आहे! ही सर्व त्यांची शिकवण. तेवढ्यात एक चपळ गडी चौकोनात उतरला आणि विटा बाजूस सारोन प्लॅस्टिकचा कागद कचरा समजोन गाडीत टाकून आला. काळा कोपरा उघडा पडला.

"साहेब, ते बघा," मुकादम दुरोन ओरडला. "किती घाण! कोपरा आधी, तुम्हीच शिकवलंत ना?" आणि त्याने पाण्याची नळी तिकडे वळविली.

आता सत्य लिहिणे प्राप्त आहे. त्या क्षणी साहेबांचा हात उठला नाही. एक मन म्हणे, होऊन जाऊ दे. दुसरे मन म्हणे, गुलाबी खापरे आठव. आणि ही हातघाई इतकी निकराची की साहेबांच्या कपाळी घाम आला. मग मागे धप्प आवाज जाहला. व्याह्यांनी दुखऱ्या गुडघ्यानिशी चौकोनात उडी टाकिली होती, आणि ते कोपऱ्यापुढे फतकल मारोन बसले होते.

"व्याहीबुवा!" ते गरजले. आदब, अंतर, सर्व विसरोन गरजले. "तोंडाला काय कुलूप घातलंय? तुमची माणसं आहेत, बोला काहीतरी!"

मग साहेबांनी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल ऐशा आवाजात तो हुकूम दिला जो त्यांनी उभ्या हयातीत दिला नव्हता:

"पाणी बंद! कचरा राहू दे!"

झाडू थबकले. मुकादमाने कानात बोट घालोन हलविले. "साहेब, ऊन लागलं का?"

"कचरा राहू दे म्हणतो ना! नळी फिरव!"

मुकादम धावला, परंतु टँकरचा नळ जुना, फिरता फिरेना, आणि पाणी वाट काढीत चौकोनाच्या काठी आले. साहेबांनी आत उडी घेतली. काठावर व्याह्यांचा तो ढीग होता. दोघांनी चार हातांनी त्याच मातीचा बांध घातला. माती पुरेना तेव्हा साहेबांनी अंगातला पांढराशुभ्र सदरा काढिला आणि कोपऱ्यावर पसरला, आणि दोघे व्याही खांद्यास खांदा लावोन त्यावर छत्रासारखे वाकले. फवाऱ्याची शेवटची सर त्यांच्या पाठींवर आली.

"माझा खोका टाकलात तेव्हा कुठं होती ही अक्कल?" व्याही निथळत म्हणाले.

"तेव्हा शिकवणी लागली नव्हती," साहेब म्हणाले.

व्याह्यांस हसू आले. ते आवरेना, आणि ते हलू लागले की सदरा हले, म्हणोन साहेब ओरडत, "हसू नका हो, पाणी आत जाईल!" आणि स्वतःच हसत. ऐशा समयी नळ बंद जाहला, आणि त्याच समयी थोरले अधिकारी मैदानी दाखल जाहले. त्यांस काय दिसले, तर चोहीकडे धुतलेले मैदान, सलाम करोन उभे झाडूवाले, आणि मधोमध चिखलात बनियनवर एक आणि शर्टानिशी एक ऐसे दोन वृद्ध गृहस्थ सदऱ्यावर पाखर घालोन खिदळताना. शिकवणारी बाई पांढरी पडली. साहेबांनी हळूच सदऱ्याचे टोक उचलिले. कोपरा कोरडा होता.

मग सर्व फौज भोवती जमली. बाईने थापीने कोपऱ्याची माती थोडी थोडी उचलिली, मावशींनी चाळण धरिली, आणि एकेक वस्तू वर येऊ लागली. काटे, दाणे, हाडाची मोडकी सुई, ती पाहोन मावशी म्हणाल्या, "माझ्यासारखीच होती गं, सुई मोडली की टाकली कोपऱ्यात." आणि मग चाळणीत तांदळाएवढे काही पांढरे राहिले. दाताच्या डॉक्टरांनी ते तळहातावर घेतले, चष्मा वर केला, आणि ते उलटसुलट करोन पाहिले.

"दुधाचा दात आहे," ते म्हणाले. "मूळ झिजलंय. आपोआप पडलेला."

झाडूवालेही जवळ आले आणि वाकोन पाहू लागले. मुकादमाने डोक्यावरची टोपी काढिली. थोरल्या अधिकाऱ्यांनी घसा साफ केला आणि पालिकेच्या माणसास सांगितले की मोटारींनी दुसरी जागा बघावी, ही राहील. मग त्यांनी विचारिले, "सगळी जमीन साफ झाली, मग हा कोपरा एवढे दिवस कसा टिकला?"

शिकवणारी बाई साहेबांकडे पाहू लागली, कारण चिखलाने माखलेले साहेबच पुढे उभे होते. घेतली असती तर कीर्ती त्यांचीच होती. साहेबांनी एकवार व्याह्यांकडे पाहिले.

"आमच्या व्याह्यांनी टिकवला," ते म्हणाले. "मी रोज मागे लागलो होतो. ऐकलं नाही त्यांनी."

बसावे म्हणोन व्याह्यांनी बादली चाचपली; ती वाहोन गेली होती. साहेबांनी त्यांस दंडास धरोन वर काढिले.

दिवेलागणीस साहेब घरी आले. बनियन चिखलाने भरलेले, सदरा बगलेत, आणि जोड्यांचे ठसे दारापासोन थेट स्वयंपाकघरापर्यंत. बाईसाहेब ते ठसे पाहत राहिल्या, सुनेने तोंडावर हात ठेविला.

"काय मिळालं?" बाईसाहेबांनी विचारिले.

"दात. एवढासा," साहेबांनी नखाचे टोक दाखविले. "दुधाचा. आपोआप पडलेला, म्हणाले डॉक्टर."

बाईसाहेबांनी त्या नखाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे पोर मोठं झालं तिचं."

साहेब पाहतच राहिले. दिवसभर एवढे शहाणे जमले होते, हे कोणी बोलले नव्हते. ते खाली बसले, चिखलानिशी, आणि म्हणाले, "हो गं. मोठं झालं."

येणेप्रमाणे मैदान राखिले. पाण्याच्या सैन्याने शिकस्त न होता माघार घेतली आणि त्यांतील दोघांनी दुसरे दिवशी शिकावयास नावे दिली. वाचनालयाने आपली मागील खिडकी मैदानाकडे उघडिली. उभय व्याही एका चौकोनी कायम जाहले. तेथे ढिगावरोन रोज तंटा होतो आणि रोज मिटतो. या मोहिमेत पांढरा सदरा एक कामी आला, दुसरी हानी नाही. फत्ते जाहली, ते लिहिले असे.